मांस टिकविण्याची क्रिया : एका खेळातील आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील

संगणकावर खेळावयाच्या खेळांत 'तगून राहण्याचे खेळ' असा एक वर्ग अलीकडील काळात फार लोकप्रिय झाला आहे. निर्जन प्रदेशात एकटा सापडलेला मनुष्य, हाताशी दोन काटक्या व एक दगड, आणि पुढे रात्र, थंडी व भूक, अशी या खेळांची मांडणी असते. खेळाडूने शिकार करावयाची, अग्नी पेटवावयाचा, मांस भाजावयाचे आणि उरलेले पुढील दिवसांसाठी राखून ठेवावयाचे. दिवसा प्रयोगशाळेत मासळीतील पाण्याचे प्रमाण काढणारा विद्यार्थी सायंकाळी वसतिगृहात याच खेळात मांस वाळत घालीत बसलेला दिसतो, तेव्हा या दोन कामांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहात नाही.

प्रस्तुत लेखात त्या खेळांतील नियम आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मासळी वाळविण्याची व खारविण्याची रीत यांची तुलना करावयाची आहे. खेळाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. उलट, खेळात काही गोष्टी मार्मिकपणे टिपल्या आहेत, हे पुढे दिसून येईल. परंतु एक चूक त्यात अशी आहे की, तीच चूक आपल्या व्यवहारातही होत असते. आणि तिचे परिणाम खेळाडूला नव्हे, तर मासळी वाळविणाऱ्या व खाणाऱ्या माणसांना भोगावे लागतात. तिच्याकडे लक्ष वेधणे हा या लेखाचा खरा उद्देश होय.

खेळातील नियम

सर्व खेळांचे नियम एकसारखे नाहीत. स्वीडनमध्ये तयार झालेल्या व २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या 'माइनक्राफ्ट' या खेळात मांस कितीही दिवस ठेवले तरी नासत नाही. भट्टीत शिजविल्याने ते अधिक पोटभरीचे होते, इतकेच. तेथे टिकविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

कॅनडातील क्ले या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'डोन्ट स्टार्व्ह' या खेळात मात्र हा प्रश्न मध्यवर्ती आहे. खेळातील एक दिवस आपल्या घड्याळाने आठ मिनिटांचा असतो. त्या मापाने कच्चे मांस ६ दिवसांत, भाजलेले मांस १० दिवसांत, तर वाळविलेले मांस २० दिवसांत नासते. वाळविण्यासाठी काटक्या, दोर व कोळसा यांपासून एक मांडणी उभारावी लागते. तिच्यावर मांसाचा मोठा तुकडा दोन दिवसांत व लहान तुकडा एका दिवसात वाळतो. पाऊस सुरू झाला की वाळणे तेवढ्यापुरते थांबते, उघडल्यावर पुन्हा सुरू होते. मिठाची आवश्यकता नसते.

या खेळातील आणखी दोन नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, अर्धवट नासलेले मांस भाजले असता त्याचा गेलेला ताजेपणा निम्म्याने परत येतो. दुसरा असा की, नासण्याच्या अगदी बेतात आलेले मांस वाळत घातले तरी खाली काढताना ते पूर्ण ताजे ठरते व त्याचे २० दिवस नव्याने सुरू होतात. म्हणून कुशल खेळाडू ताजे मांस लगेच वाळवीत नाही. ते नासावयास येईपर्यंत वाट पाहतो आणि मग मांडणीवर टाकतो. 'द लाँग डार्क' या दुसऱ्या कॅनेडियन खेळात तर पाककौशल्याच्या पाचव्या पायरीवर पोहोचलेल्या खेळाडूस, नासलेले मांस शिजवून खाल्ले तरी बाधा होत नाही.

थोडक्यात, खेळाचा सिद्धांत असा : अग्नी आणि ऊन मांसाचा भूतकाळ पुसून टाकतात. हा सिद्धांत कितपत खरा आहे, ते आता पाहू.

मांस का नासते

मासा पाण्याबाहेर काढल्याबरोबर त्याच्या शरीरात तीन क्रिया सुरू होतात. त्याच्याच पेशींतील व आतड्यांतील एंझाइमे, म्हणजे एरवी अन्न पचविणारी द्रव्ये, आता त्याचेच मांस पचवू लागतात. त्वचा, कल्ले व आतडी यांवर असलेले जीवाणू मांसात शिरून वाढू लागतात. आणि चरबीचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तिला खवटपणा येऊ लागतो. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळीत ही तिसरी क्रिया विशेष जाणवते.

यांपैकी जीवाणूंची वाढ मुख्यतः पाण्यावर अवलंबून असते. परंतु मांसात एकूण पाणी किती आहे, यापेक्षा त्यातील जीवाणूंस उपलब्ध असलेले पाणी किती, हा प्रश्न खरा आहे. मिठाने किंवा साखरेने बांधून ठेवलेले पाणी जीवाणूंच्या उपयोगी पडत नाही. शुद्ध पाण्यास १ हा अंक दिला तर ताज्या मासळीचा अंक ०.९९ च्या आसपास येतो. हा अंक ०.९१ च्या खाली गेला की कुजविणारे बहुतेक जीवाणू थांबतात, ०.८० च्या खाली बहुतेक बुरशा थांबतात. मिठातच वाढणारे काही जीवाणू ०.७५ पर्यंत तग धरतात, आणि ०.६० च्या खाली व्यवहारतः कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. वाळविणे, खारविणे, साखरेत मुरविणे या सर्व रीती म्हणजे हा एकच अंक खाली आणण्याचे निरनिराळे मार्ग होत.

शिजविल्याने मात्र हा अंक फारसा खाली येत नाही. अग्नी त्या घटकेस असलेले जीवाणू मारतो, एंझाइमेही निष्क्रिय करतो. परंतु पाणी तेथेच राहते व नवे जीवाणू हवेतून, हातांतून, भांड्यांतून येतात. आपल्या हवेत सकाळचे कालवण रात्री पुन्हा उकळावे लागते, ते याच कारणाने. शिजविलेल्या मांसास दहा दिवसांचे आयुष्य देणारा खेळ रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात फार काळ टिकला नसता.

ऊन, वारा व जाडी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कायदा नव्हता तेव्हाही खवळलेला समुद्र हीच बंदी घालीत असे. म्हणून मे महिना हा कोकणात बेगमीचा महिना. मिरकरवाड्यापासून हर्णै, जयगड, साखरी नाट्यापर्यंत वाळूवर, कातळावर, जाळ्यांवर व मांडवांवर मासळी पसरलेली दिसते. जवळा, सोडे, मांदेली, वाकटी, बांगडा, मुशी, अशी ही यादी मोठी आहे. बोंबील मुख्यतः उत्तरेकडचा. वसई-वर्सोव्याच्या बाजूस दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते आडव्या बांबूंवर वा दोरांवर टांगतात.

या कामात किती शक्ती खर्च होते, याचा सोपा हिशेब करता येतो. बोंबलात सुमारे ८८ टक्के पाणी असते. म्हणजे १०० किलो ओल्या बोंबलात घन भाग १२ किलो. वाळल्यावर पाणी १५ टक्के उरले असे धरल्यास वाळलेला माल सुमारे १४ किलो भरतो. उरलेले सुमारे ८६ किलो पाणी हवेत गेले. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे एकूण सुमारे ५०,००० किलोकॅलरी. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून जास्तीत जास्त ४,००० किलोकॅलरी मिळतात असे मानले, तरी काहीही वाया न जाता साडेबारा किलो लाकूड लागेल; प्रत्यक्ष चुलीवर याच्या कित्येक पट. हे सर्व काम ऊन व वारा फुकट करतात. ज्या घरी बर्फ व वीज यांचा खर्च परवडत नाही, त्या घरी वाळवण का टिकून राहिले, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मोठ्या तुकड्यास अधिक वेळ लागतो, हा खेळातील नियम योग्यच आहे; किंबहुना प्रत्यक्षात फरक त्याहून तीव्र असतो. पृष्ठभागावरील पाणी उडून गेल्यावर आतील पाण्यास बाहेर येण्यासाठी मांसातून वाट काढावी लागते, आणि हा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ सुमारे चौपट. म्हणून जवळा चांगल्या उन्हात दिवसभरात वाळतो, बोंबलास तीन-चार दिवस लागतात, आणि मुशीसारखा जाड मासा उभा चिरून, पट्ट्या करून, मीठ लावल्यावाचून वाळविताच येत नाही. ऊन फार कडक असले तर आणखी एक अडचण येते. वरचा थर झपाट्याने वाळून टणक होतो व आतील पाणी कोंडले जाते. असा मासा वरून वाळलेला दिसतो, पण आत कुजत असतो.

मे महिन्यातही किनाऱ्यावरील हवा कोरडी नसते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. उन्हाने मासळी व तिच्या लगतची हवा तापते, त्यामुळे त्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते व पाणी उडते. सूर्य मावळला की हा लाभ संपतो. म्हणूनच सायंकाळी मासळी गोळा करून झाकून ठेवण्याची रीत आहे. रात्रभर उघड्यावर राहिलेली मासळी दिवसा गमावलेल्या पाण्यापैकी काही भाग हवेतून पुन्हा घेते. जमिनीपासून उंच मांडवावर वाळविण्याचा आग्रह मत्स्यशास्त्रज्ञ धरतात, तो केवळ वाळू लागू नये म्हणून नव्हे. मांडवावर वारा दोन्ही बाजूंनी लागतो व मासा खालून ओला राहात नाही.

मीठ

खेळात मीठ नाही, ही त्यातील मोठीच उणीव. जाड मासळीत पाणी बाहेर पडण्यापूर्वी कुजणे सुरू होते. ही शर्यत जिंकण्यासाठी मीठ लागते. बांगडा पाठीकडून वा पोटाकडून चिरून, आतडी व कल्ले काढून, स्वच्छ धुवून त्यास मीठ चोळतात. तीन ते चार भाग मासळीस एक भाग मीठ, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. मीठ आत शिरते, पाणी बाहेर येते, आणि काही तासांतच मासळी स्वतःच्याच खाऱ्या पाण्यात बुडते. मिठाने पूर्ण भरलेल्या पाण्याचा उपलब्धतेचा अंक ०.७५ असतो. म्हणजे खारविलेली मासळी दिसावयास ओलसर असली, तरी बहुतेक जीवाणूंच्या दृष्टीने ती वाळवंटासारखी असते. नीट मीठ लागलेल्या मांसावर माशीही सहसा अंडी घालीत नाही.

परंतु मीठ म्हणजे कोणतेही मीठ नव्हे. आगरातील ताज्या खडे मिठात मॅग्नेशियम व कॅल्शियम यांची लवणे मिसळलेली असतात. कॅल्शियममुळे मांस पांढरे व टणक होते, पण मीठ आत शिरण्यास विलंब लागतो. मॅग्नेशियममुळे कडवटपणा येतो. आणि त्याहून वाईट म्हणजे ते हवेतील ओल ओढून घेते. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच पाझरू लागते; मॅग्नेशियम क्लोराइड मात्र सुमारे ३३ टक्क्यांच्या वर लगेच. म्हणून नव्या मिठापेक्षा रचून ठेवलेले, कडू पाणी निथळून गेलेले जुने मीठ खारविण्यास चांगले. खारी मासळी कधी कधी लालसर पडते, तीही मिठातूनच आलेल्या मीठप्रिय जीवाणूंमुळे.

मिठाचा प्रश्न केवळ रसायनाचा नव्हता. १९४७ साली मीठकर रद्द होईपर्यंत मीठ हे कोकणातील गरिबास महाग पडणारे द्रव्य होते. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्यास जो मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीत. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर शिरोडे तिकडे गेले. मीठ महाग असले की हात आखडतो, आणि अर्धवट मीठ लावलेली मासळी ही मीठ न लावलेल्या मासळीइतकीच अविश्वसनीय असते.

जे पुसले जात नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नासावयास आलेली मासळी वाळविली वा शिजविली, तर ती पुन्हा ताजी होते काय?

बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा उबदार हवेत पडून राहिला की काही जीवाणू त्याचे रूपांतर हिस्टामीनमध्ये करतात. रत्नागिरीच्या मे महिन्यातील उष्म्यात बर्फाशिवाय ठेवलेल्या मासळीत हे द्रव्य एका दिवसाच्या आतच अपायकारक प्रमाणात साचू शकते. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगास खाज सुटणे, डोके दुखणे, छाती धडधडणे अशी लक्षणे दिसतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने अशा माशांत एका किलोस २०० मिलिग्रॅम ही हिस्टामीनची मर्यादा घालून दिली आहे.

हिस्टामीन उष्णतेने नष्ट होत नाही, ही येथील मुख्य गोष्ट होय. उकळल्याने ते जात नाही, तळल्याने जात नाही, गोठविल्याने जात नाही आणि वाळविल्यानेही जात नाही. ते निर्माण करणारे जीवाणू मरतात, पण त्यांनी केलेले काम शिल्लक राहते. किंबहुना वाळविल्याने त्याचे प्रमाण वाढते. ७५ टक्के पाणी असलेला १०० किलो बांगडा वाळून ३३ किलो झाला, तर त्यातील द्रव्य आता एकतृतीयांश वजनात एकवटलेले असते. खारविताना काही भाग खाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो हे धरले, तरी प्रत्येक घासात ते पूर्वीपेक्षा अधिक असण्याचा संभव राहतो. खवट झालेल्या चरबीचीही हीच कथा. ऊन खवटपणा कमी करीत नाही, वाढविते. आणि एंझाइमांनी मऊ केलेले पोट मिठाने पुन्हा घट्ट होत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, वाळविणे व खारविणे या क्रिया मासळी सुधारीत नाहीत. ती ज्या अवस्थेत हाती आली त्या अवस्थेत तिला थांबवितात, एवढेच त्यांचे कार्य. चांगली सुकी मासळी ही मांडवावर नव्हे, तर जाळे ओढल्या घटकेपासून घडत असते. खेळाने नेमके याच्या उलट शिकविले आहे.

उशिरा येणारा वाटा

खेळाडूची ही चूक असली तर ती सुधारणे सोपे आहे. व्यवहारातील चुकीमागे मात्र अर्थशास्त्र आहे. बंदरावर नौका लागली की उत्तम मासळी प्रथम बर्फात जाऊन मोठ्या शहरांच्या व परदेशांच्या वाटेला लागते. त्याखालची स्थानिक बाजारात विकली जाते. दुपारपर्यंत जी ओली खपत नाही, जी लहान आहे, दबलेली आहे वा उन्हात राहिली आहे, ती वाळविणाऱ्या बाईच्या टोपलीत येते. वाळवण हे 'उरलेल्याचे' काम आहे, अशी समजूत यातूनच दृढ झाली आहे. मग तोच माल हलका निघाला, की दोष तिच्या हातास दिला जातो. प्रत्यक्षात मासळी तिच्या हाती पडली तेव्हाच निम्मा निकाल लागलेला असतो.

मांसाच्या इतिहासातही याला जोड आहे. मराठवाड्यातील दलित कुटुंबांत मांसाच्या पातळ पट्ट्या कापून उन्हात वाळविण्याची रीत होती. त्यांस चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात या खाद्यपरंपरेची नोंद केली आहे. पातळ पट्ट्या, उंचावर टांगणे, कडक वाळल्यावर साठविणे, या सर्व गोष्टी वर सांगितलेल्या शास्त्राशी तंतोतंत जुळतात. परंतु ज्यांनी हे ज्ञान जपले त्यांच्यावर मृत जनावराचे मांस खाण्याची वेळ जातिव्यवस्थेने आणली होती, हे विसरून त्या रीतीचे कौतुक करता येणार नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत मांस सोडण्याचे जे आवाहन केले, ते मुख्यतः मानवी प्रतिष्ठेसाठी होते. मांस कोणाच्या वाट्यास केव्हा येते, हे समाज ठरवितो, असाच त्याचा एक अर्थ होतो. खेळातील एकटा मनुष्य आपली शिकार ताजी असतानाच मिळवितो. खऱ्या जगात तगून राहणाऱ्यांस ती पुष्कळदा शेवटी मिळत आली आहे.

वाळल्यानंतर

खेळात मांस वाळले की काम संपते. कोकणात तेथून दुसरे काम सुरू होते. हवेची सापेक्ष आर्द्रता आणि मांसातील पाण्याचा उपलब्धतेचा अंक ही एकाच गोष्टीची दोन मापे आहेत. ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडी ठेवलेली सुकी मासळी हळूहळू ०.८५ या अंकाकडे सरकते. म्हणजे बुरशीच्या राज्यात पुन्हा प्रवेश करते. रत्नागिरीस पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. खाऱ्या मासळीस तर ७५ टक्क्यांनंतरच पाझर फुटतो. घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे, चुलीच्या वर धुरात टांगलेले शिंके, आषाढात दोन दिवस उघडीप मिळाली की मासळीस पुन्हा ऊन दाखविण्याची घाई, या साऱ्यांमागे हाच अंक आहे. घरातील वृद्ध स्त्रियांनी तो कधी मोजला नाही, पण पाळला मात्र काटेकोरपणे.

पावसाबाबतही खेळाने सौम्यपणा दाखविला आहे. तेथे पावसात वाळणे थांबते. येथे ते उलटे फिरते. वळवाच्या एका सरीने अर्धवट वाळलेला जवळा पुन्हा ओला झाला, तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हाआधीच रात्रभरात जीवाणू आपले काम करून टाकतात. तो पुन्हा वाळविता येतो. परंतु त्याचा रंग काळवंडतो, वास बदलतो, आणि माणसांच्या अन्नाऐवजी तो कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने विकावा लागतो. मे महिन्याच्या अखेरचा एक ढग एखाद्या घराची चार महिन्यांची बेगमी अशा रीतीने नेऊ शकतो.

उपसंहार

मासळीच्या अभ्यासाची रत्नागिरीस परंपरा आहे. येथील सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र १९५८ साली, तर शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले; कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने झाकलेल्या सौर वाळवणयंत्रांचे अनेक प्रकार सिद्ध केले आहेत. अशी यंत्रे पाऊस, धूळ व माशा यांपासून संरक्षण करतात व त्यांचा प्रसार व्हावयास हवा. परंतु उत्तम यंत्रात घातलेली शिळी मासळी शिळीच निघते, हे वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल. म्हणून वाळविण्यासाठी जाणाऱ्या मासळीसही नौकेवरच बर्फ मिळणे, बंदरावर स्वच्छ पाणी व सावली असणे, आणि वाळविणाऱ्या स्त्रियांस दुपारच्या उरलेल्या मालाऐवजी सकाळच्या लिलावात आपला वाटा घेता येईल इतके भांडवल हाती असणे, या तीन गोष्टी यंत्राच्या आधी येतात. त्यांत शास्त्र अवघड असे काहीच नाही.

खेळ रचणाऱ्यांस एकच सूचना करावीशी वाटते. मांडणीवरून काढलेले मांस पूर्ण ताजे न धरता, ते वर चढविताना जितके ताजे होते तितकेच धरावे. एवढ्या एका नियमाने खेळाडू शिकार होताच मांडणीकडे धावू लागेल. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी बाई ओझे डोक्यावरून उतरविण्यापूर्वीच मीठ कोठे आहे ते विचारते, तिची घाई मग त्यास समजेल.